पदवी दोन विद्यापीठांची, रुग्णालय कुणाचे?

डोंबिवली-कल्याणमधल्या अनेक घरांत अलीकडे एक गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर पडलेले दिसते. मुलगी बायोमेडिकल इंजिनीअर झालेली असते, नाहीतर बायोटेक्नॉलॉजीत बीएस्सी. माहितीपत्रकावर दोन बोधचिन्हे शेजारी शेजारी छापलेली असतात, एक भारतीय विद्यापीठाचे आणि एक परदेशी. खाली लिहिलेले असते : एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे, जैवअभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी. वडील शुल्काचा आकडा पाहतात, आई देश किती लांब आहे ते पाहते आणि मुलगी जागतिक क्रमवारीत विद्यापीठ कितवे आहे ते शोधते. तिन्ही गोष्टी पाहायलाच हव्यात. पण आणखी एक प्रश्न आहे, ज्याचे उत्तर त्या कागदावर बहुधा सापडत नाही. या दोन वर्षांत ही मुलगी कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने उभी राहणार आहे?

प्रश्न विचित्र वाटेल. इंजिनीअरचे रुग्णालयात काय काम, असे अजूनही अनेकांना वाटते. जैवअभियांत्रिकी म्हणजे नेमके काय याबद्दल शिकलेल्या घरांतही गोंधळ असतो. बायोटेक्नॉलॉजीशी तिची सरमिसळ होते. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयात किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजी शिकणारा विद्यार्थी पेशी, जनुके, किण्वन यांच्याशी खेळत असतो. बायोमेडिकल इंजिनीअर यंत्राच्या बाजूने शरीराकडे येतो. व्हेंटिलेटर, डायलिसिसचे यंत्र, कृत्रिम गुडघा, हृदयातला स्टेंट, नवजात बाळाचा वॉर्मर, श्रवणयंत्र हे त्याचे जग. जैवअभियांत्रिकी या दोन्हींना कवेत घेते. त्यात प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचाही येते आणि रक्तातली साखर मोजणारी पट्टीही. मात्र या सगळ्यांना एक समान शेवट आहे. प्रत्येक वस्तू कधीतरी एका आजारी माणसाच्या अंगाला लागते. ज्याने तो माणूस आणि त्याच्या खाटेभोवतीची धावपळ पाहिलेली नाही, त्याची रचना कागदावर सुंदर असते आणि वॉर्डात तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यात ढकलली जाते.

कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या भांडारात एक फेरी मारली तरी हे समजते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखण्यापूर्वी देशभरातल्या सरकारी आरोग्य संस्थांमधील यंत्रांची मोजदाद केली होती. २९ हजारांहून अधिक संस्थांत सुमारे साडेसात लाख उपकरणे भरली, किंमत साधारण ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. म्हणजे काही राज्यांत तीन यंत्रांपैकी एक यंत्र फक्त जागा अडवून होते. त्यानंतर देखभालीची कामे बाहेरच्या संस्थांकडे कंत्राटाने देण्याची व्यवस्था आली आणि जिल्हा रुग्णालयातली यंत्रे ९५ टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के, अशी उद्दिष्टे ठरली. फरक पडला हे नाकारता येणार नाही. पण कंत्राटाने दुरुस्ती होते. यंत्र का बिघडते याचे उत्तर कंत्राटात नसते.

आणि ती कारणे फार साधी असतात. मॉनिटर कधीच आधी बिघडत नाही, बिघडते ते बोटाला लावायचे प्रोब. त्याची वायर दिवसातून वीस वेळा वाकवली जाते, शेवटी सिस्टर ती चिकटपट्टीने बांधून पाळी काढतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा फिल्टर धुळीने भरतो, कारण खिडकी उघडी ठेवल्याशिवाय त्या वॉर्डात श्वास घेता येत नाही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने सर्किट बोर्ड गंजतात. वीज गेली, जनरेटर लागला, पुन्हा वीज आली, या झटक्यांत सिरिंज पंपाची बॅटरी मरते. ज्यांनी ही यंत्रे बनवली ते मूर्ख नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित खोली, एका खाटेला एक परिचारिका आणि न जाणारी वीज होती, इतकेच.

याच चुकीचा गंभीर नमुना करोनाच्या काळात समोर आला. घरोघरी पल्स ऑक्सिमीटर पोहोचले होते आणि ९४ च्या आकड्यावर लोकांचे प्राण टांगलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोकादायकरीत्या कमी असूनही यंत्र ठीक आकडा दाखवते, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होते. त्वचेतले मेलॅनिन प्रकाश शोषते, हे काही नवे ज्ञान नव्हते. पण यंत्राच्या चाचण्या प्रामुख्याने गोऱ्या कातडीवर झाल्या होत्या आणि दशकानुदशके त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. सावळ्या माणसांच्या देशात जैवअभियांत्रिकी कोणी शिकावी, कुठे शिकावी, याला महत्त्व आहे ते यामुळे.

उलट बाजूचे उदाहरणही भारतातच आहे. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात भाताची लावणी करतो. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून रबराचा जो पाय बनवला, तो या सगळ्याला पुरून उरला. तो जयपूर फूट. पुढे तो बसवणाऱ्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीला गुडघ्याचा सांधा हवा होता, मांडीतून पाय गेलेल्यांसाठी, स्वस्त आणि न लटपटणारा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो वर्गातला प्रकल्प म्हणून हाती घेतला. त्यातून तयार झालेल्या 'जयपूर नी'ला २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षाच्या पन्नास उत्तम शोधांत स्थान दिले. दोन देशांतल्या भागीदारीचे याहून सरळ उदाहरण शोधावे लागेल. प्रश्न जयपूरच्या ओपीडीतून गेला, गणित कॅलिफोर्नियात झाले आणि सांधा परत जयपूरच्या रुग्णाच्या पायात आला. पदवीवर कोणाचे बोधचिन्ह आहे हा मुद्दाच तिथे गौण होता.

स्टॅनफर्डनेच पुढे दिल्लीत एम्स आणि आयआयटी दिल्ली यांच्याबरोबर, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशांतून, 'स्टॅनफर्ड-इंडिया बायोडिझाइन' हा कार्यक्रम सुरू केला. डॉक्टर आणि इंजिनीअर यांची छोटी पथके, काही महिने कॅलिफोर्नियात आणि बाकी काळ दिल्लीत. त्या कार्यक्रमाची शिस्त अशी की सुरुवातीला कोणी काही बनवायचेच नाही. वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, अपघात विभागात नुसते उभे राहायचे, पाहायचे आणि अडचणी वहीत टिपायच्या. शेकडो नोंदींतून चाळून चाळून एक-दोन उरतात, त्यांवर मग काम. इंजिनीअरला हे सुरुवातीला छळ वाटते, हात शिवशिवतात. पण यातूनच बिछान्याला खिळलेल्या रुग्णाच्या मलविसर्जनासारख्या, कोणीही परिसंवादात ज्याचे नाव काढणार नाही अशा विषयावरची उपकरणे जन्माला आली. आयसीयूतल्या सिस्टरला विचारा, तिची पहिली अडचण तीच असते.

आता जवळ येऊ. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडून कांजूरमार्गला उतरले की पवई. आयआयटी मुंबई ही संस्थाच मुळी आंतरराष्ट्रीय भागीदारीतून उभी राहिली, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने तिला यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ दिले, इथल्या अध्यापकांना तिकडे प्रशिक्षण दिले. कानपूरला अमेरिका, मद्रासला जर्मनी, दिल्लीला ब्रिटन. त्या भागीदारीची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्रे आणि माणसे इकडे येत होती आणि जे उभे राहत होते ते इथेच राहणार होते. परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्यांकडून शुल्क गोळा करत नव्हते. काळ वेगळा होता, राजकारण वेगळे होते, हे खरेच. पण तुलना मनात आल्याशिवाय राहत नाही.

त्याच पवईत २००८ पासून ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर संयुक्त पीएचडीची अकादमी चालते. विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक इथला, एक मेलबर्नचा. बराचसा काळ मुंबईत आणि काही महिने तिकडे, शेवटी पदवीवर दोन्ही संस्थांची मोहोर. जैवविज्ञान आणि वैद्यकीय तंत्रज्ञान हे तिच्या विषयांपैकी आहेत. आयआयटी दिल्लीने क्वीन्सलँड विद्यापीठाबरोबर असाच घाट घातला आहे. ठाणे-कल्याणच्या पालकांना हा रस्ता फारसा माहीत नसतो, कारण याचे मेळावे हॉटेलांत भरत नाहीत. यात संशोधक विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे एकीकडे घर गहाण ठेवून घेतलेले शिक्षण आहे आणि दुसरीकडे अवघड प्रवेश पार केला तर दरमहा हातात काही पडेल असे शिक्षण आहे, आणि जाहिरात होते ती फक्त पहिल्याची. आयआयटी मुंबईच्या बायोमेडिकल एमटेकला एमबीबीएस झालेल्यांनाही प्रवेश असतो. डॉक्टर आणि इंजिनीअर एकाच बाकावर बसतात, ही त्यातली खरी कमाई.

पवईच्याच जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात प्रा. राहुल पुरवार यांच्या चमूने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर कार-टी पेशी उपचार विकसित केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचे आणि परत सोडायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शास्त्रज्ञांची त्यांना मदत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशात जो उपचार तीन-चार कोटींच्या घरात जातो तो इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास आला. हीदेखील अजून सामान्य माणसाच्या आवाक्यातली रक्कम नाही आणि सगळ्या कर्करोगांना हा उपचार लागू नाही. पण इथे परदेशी संबंध होता, उत्तम प्रयोगशाळा होती आणि तिसरा पाय म्हणून रुग्णालय होते. परळ आणि खारघरच्या खाटा नसत्या तर पवईची नळी नळीच राहिली असती.

हा तिसरा पाय नव्या भागीदाऱ्यांत दिसत नाही. जून २०२५ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने नवी मुंबईत शिक्षणनगरी उभारण्याची घोषणा झाली आणि ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अशा संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तासाभरात पोहोचता येईल असे परदेशी विद्यापीठ, ही लहान गोष्ट नाही. मुलीला एकटीला परदेशी पाठवायला कचरणाऱ्या घरांना तर ती फार मोठी आहे. पण आतापर्यंत ज्या अभ्यासक्रमांची चर्चा आहे, त्यांत संगणक, विदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन यांचाच भर आहे. कारण सरळ आहे. या विषयांना वर्गखोली आणि लॅपटॉप पुरतो. जैवअभियांत्रिकीला प्रयोगशाळा लागते, प्राणीगृह लागते, नैतिकता समिती लागते आणि रुग्णालय लागते. ते महाग आहे आणि कटकटीचे आहे. म्हणून एक तर ती शिकवली जाणार नाही किंवा सॉफ्टवेअरपुरती शिकवली जाईल. दुसरी शक्यता जास्त वाटते. क्ष-किरणांच्या चित्रांवर संगणकाला शिकवायचे, त्याला जैवअभियांत्रिकी म्हणायचे. ते उपयोगाचे आहेच, पण तेवढ्यावर इन्क्युबेटर बनत नाही.

नियमांची थोडी माहिती पालकांनी ठेवलेली बरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने परदेशी संस्थांबरोबरच्या अभ्यासक्रमांचे तीन प्रकार केले. 'ट्विनिंग'मध्ये पदवी फक्त भारतीय विद्यापीठाची असते आणि परदेशात मिळवलेली श्रेयांके ३० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. संयुक्त पदवीत एकाच प्रमाणपत्रावर दोन्ही बोधचिन्हे येतात आणि प्रत्येक संस्थेत किमान ३० टक्के श्रेयांके मिळवावी लागतात. दुहेरी पदवीत दोन स्वतंत्र पदव्या मिळतात. तेव्हा 'एक अधिक एक' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तर ते या तिघांपैकी नेमके काय, हे लेखी विचारावे. ही नियमावली ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला लागू नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने स्वतःच इशारा दिला होता की काही शैक्षणिक कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या नावाने ज्या पदव्या देऊ करत आहेत त्यांना मान्यता नाही. घरबसल्या जैवअभियांत्रिकीची परदेशी पदवी देऊ करणारे मिळाले, तर या इशाऱ्याची आठवण ठेवावी. घरबसल्या शस्त्रक्रिया शिकता येत नाही, तसेच हे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ज्या मुलीला मुळातच अमेरिकेत नोकरी करायची आहे, तिला कल्याणच्या वॉर्डातल्या प्रोबचे काय? तिच्यावर देशसेवेचे ओझे का? ओझे नकोच. सरकारी रुग्णालयांत बायोमेडिकल इंजिनीअरसाठी कायम स्वरूपाच्या जागा किती निघतात, पगार काय, बढती कोणती, याचा शोध घेतला की कोणीही शहाणे मूल परदेशाचाच विचार करील. ज्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, अगदी धोबी यांची पदसंरचना ठरलेली असते, तिथे कोट्यवधींची यंत्रे सांभाळणारा माणूस कंत्राटदाराचा असतो आणि फोन केल्यावर येतो. हा दोष त्या मुलीचा नाही. मात्र तिच्या स्वार्थाच्या दृष्टीनेही वॉर्डाचा अनुभव तिला तारतो. उपकरणांच्या कंपन्या, मग त्या मिनेसोटातल्या असोत की पुण्यातल्या, एकच गोष्ट शोधतात : वापरणाऱ्याची अडचण ज्याला कळते असा इंजिनीअर. आपल्या सरकारी ओपीडीइतके वैविध्य आणि इतकी संख्या जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ती सोडून मुले कृत्रिम पुतळ्यांवर शिकायला लाखो रुपये भरतात, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्याला तर अशा शिक्षणाची स्वतःची गरज आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यातला मोठा वाटा या मार्गावरचा आहे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले, तेव्हा दोन दिवस चर्चा झाली. जे मरत नाहीत, ज्यांचा हात किंवा पाय जातो, त्यांची चर्चा एक दिवसही होत नाही. तिशीतला कमावता माणूस, मांडीतून पाय गेलेला, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणारा, आणि बरा झाल्यावर पुन्हा त्याच गर्दीच्या फलाटावर उतरायचे असलेला. त्याला जो सांधा लागतो तो कोणत्याही परदेशी सूचीत तयार मिळत नाही. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये 'कदम' नावाचा देशी बनावटीचा गुडघा आणला. तसाच गुडघा कल्याणच्या जिन्यावर रोज चार वेळा चढून-उतरून किती टिकतो, हे कोणीतरी इथेच मोजायला हवे. पदव्युत्तर प्रबंधाला याहून चांगला विषय कोणता?

आणि जागा आहेत. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात बाळकुमला आणि कल्याणला आहेत. कल्याणच्या उपकेंद्रात अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानाची शाळा आहे. कळव्याला ठाणे महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये. डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रभाग, प्लास्टिक आणि औषधे बनवणारे छोटे कारखाने आहेत, जिथे साचा करून घ्यायला अमेरिकेला जावे लागत नाही. हे सगळे एकाच लोकल मार्गावर आहे आणि एकमेकांशी बोलत नाही. केंद्राच्या २०२३ च्या वैद्यकीय उपकरण धोरणात परदेशी शैक्षणिक संस्थांशी भागीदारी आणि उपकरणांवरचे खास अभ्यासक्रम या दोन्हींचा उल्लेख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या उद्योगासाठी ५०० कोटींची योजनाही आली, तिच्यात मनुष्यबळ घडवण्याचा भाग आहे. ज्या देशात सत्तर-ऐंशी टक्के वैद्यकीय उपकरणे आयात होतात असे सरकारच सांगते, तिथे पैशांपेक्षा सामंजस्य कराराच्या मसुद्याकडे लक्ष देणे अधिक निकडीचे आहे.

तो मसुदा कुलगुरूंच्या दालनात दोन विद्यापीठांत होतो. तिथे तिसरी सही रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांची असावी. किमान एक सत्र विद्यार्थ्याने वॉर्डात काढावे, परदेशी विद्यार्थ्यानेही. मेलबर्नच्या किंवा यॉर्कच्या मुलाला कळव्याच्या नवजात शिशु विभागात पावसाळ्यातले दोन महिने घालवू द्या, तो जे शिकेल ते त्याच्या प्राध्यापकालाही माहीत नसेल. रुग्णांच्या नोंदींची मालकी कोणाची, त्यांवर शिकवलेल्या संगणकप्रणालीचा नफा कोणाला, इथे सुचलेल्या उपकरणाचे पेटंट कोणाच्या नावावर, हेही त्याच मसुद्यात आधी लिहिलेले हवे. करार झाल्यावर हे प्रश्न विचारले तर उत्तरे वकील देतात. आणि रुग्णालयातल्या डॉक्टरला या शिकवण्यासाठी वेळ मोकळा करून दिला पाहिजे. तीनशे रुग्णांची ओपीडी संपवून दुपारी अडीच वाजता त्याने इंजिनीअरांना शिकवावे, अशी अपेक्षा ठेवली तर पहिल्या तुकडीनंतर तो फोन उचलणार नाही.

टेबलावरच्या त्या माहितीपत्रकाकडे परत यायचे तर, प्रवेशाची मुदत बहुधा जवळ आलेली असते आणि समुपदेशक रोज फोन करत असतो. त्याला विचारायला हरकत नाही की अभ्यासक्रमाशी जोडलेल्या रुग्णालयाचे नाव काय, तिथल्या जबाबदार डॉक्टरचे पद काय आणि आधीच्या तुकडीतल्या मुलांनी कोणते उपकरण बनवले. नाव सांगितले तर एक सुटी काढून त्या रुग्णालयात जाऊन यावे. तिथल्या सिस्टरला या अभ्यासक्रमाची मुले माहीत आहेत का, एवढे विचारले तरी पुरे.